पान एकशे बारा

खोका केळीच्या वेफर्सचा,
आत माझी कादंबरी, चाळीस प्रती,
वरून सुतळीच्या दोन गाठी.
जळगावच्या स्टँडवर कंडक्टरने विचारलं, यात काय?
पुस्तकं.
शाळेची?
नाही, मी लिहिलेली.
त्याने खोका पायाने सीटखाली सारला
आणि माझ्याकडे न बघता लगेजचं तिकीट काढलं.

प्रकाशक फोनवर सांगतात, वाचकांना भेटत राहा.
पाचोऱ्यात वाचक नऊ होते, त्यातले दोघे माईकवाल्याचे.
पारोळ्यात अभ्यासिकेतून उठवून आणलेली पोरं,
मांडीवर चालू घडामोडी उघड्या,
मी नायिकेला विहिरीपाशी नेलं तेव्हा
एकाने पान उलटलं, त्याचं.
शाली मात्र वाढताहेत.
खोका हलका होत नाही आणि पिशवी फुगत चाललीय
अशी ही विक्री.

चोपड्याला लोटन आप्पांनी ओळख करून दिली.
कादंबरीचं नाव चुकीचं सांगितलं.
खरं सांगू, ते माझ्या नावाहून बरं होतं.
पौषातली थंडी, पत्र्याचं वाचनालय,
मी वाचत होते पान एकशे बारा,
माझी आवडती जागा:
ती रात्री एकटी वांगं भाजते
आणि नवऱ्याला सोडायचं ठरवते.

टाळ्या झाल्या. प्रश्न? नाहीत.
मग दाराशी, कपबशा गोळा करता करता
गोजरबाई बोलल्या,
"भरीत काय गॅसवर व्हस का वं माय?
तिना घर पऱ्हाटीन्या काड्या नही व्हत्यात का?"
सगळे हसले. आप्पांनी डोळे वटारले.
"बाकी समदं खरं शे," त्या म्हणाल्या,
आणि ट्रे उचलून आत गेल्या.

पुण्यातल्या कुणा समीक्षकाला हे दिसलं नाही.
मलाही नाही, सहा वर्षांत, चार खर्ड्यांत.

माझी आई वांगं गॅसवर भाजायची,
नाशिकला, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकी उघडून, वरच्या बाई खोकतील म्हणून घाईघाईने.
एका बाजूला कच्चं राहायचं.
आम्हाला वाटायचं, भरीत असंच असतं.
हे मी गोजरबाईंना सांगितलं नाही.
सांगायला हवं होतं का, अजून कळत नाही.

सकाळी धरणगावची गाडी.
तापी ओलांडताना खाली वाळूत कुणी टरबुजांच्या वाड्या आखत होतं.
मी सुतळी सोडली,
एकेक प्रत काढून पान एकशे बारा उघडलं,
"गॅस" खोडलं, वर लिहिलं "काड्या".
वाक्य मोडलं. शेगडीची कळ फिरवायची ती,
आता ती कळही खोडली,
तिला खाली बसवलं, अंगणात, धुरात.
खड्डा आला की अक्षर शेजारच्या ओळीत घुसायचं.
सव्वीस प्रती.
शेजारचे काका म्हणाले, पेपर तपासताय का? किती पोरं पास?

धरणगावात एका मास्तरांनी एक प्रत घेतली,
खाडाखोड बघून तोंड वाकडं केलं,
आणि दहा रुपये कमी दिले.

जी चौदा आधीच गेली
त्यांतली बाई गॅसपाशी उभीच आहे,
खिडकी उघडी, घाई,
एका बाजूला कच्चं.
असू दे तिला.

एरंडोलला पोचले तेव्हा भूक लागली होती.
गोजरबाईंनी निघताना हातात कोंबलेला डबा उघडला:
भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात.
धुराचा वास बोटांना लागला
आणि त्याच बोटांनी संध्याकाळी सह्या केल्या, तीन.

डबा घासला, पुसला.
बुडाशी कोरलेलं: गो. लो. पा. चोपडे.
ठिपक्याठिपक्यांनी, भांडेवाल्याने ठोकलेलं,
नखाने खरवडलं तरी जात नाही.
लो. म्हणजे लोटन?
तो मी खोक्यातच ठेवला, प्रतींच्या मधोमध.
धुळ्याहून परतताना
चोपडा वाटेवर नाही.
तिकडून जायला लागेल.